दांडा नसलेला पंप

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आटोपली की जळगाव जिल्ह्यातल्या पाचोऱ्याच्या कृषी केंद्रांच्या दारात पंप टांगले जातात. निळ्या, पिवळ्या, हिरव्या टाक्या, काळे पट्टे, बुडाशी चार्जिंगची पिन. पूर्वहंगामी कपाशीच्या बियाण्यासाठी आलेला माणूस पाकिटं घेतो, ठिबकच्या नळीचा भाव विचारतो आणि जाता जाता एखादी टाकी उचलून वजनाचा अंदाज घेतो. गिऱ्हाईक नगरदेवळ्याचं, लोहाऱ्याचं, वरखेडीचं, पिंपळगाव हरेश्वरचं. शेंदुर्णी-पहूरकडची माणसं पूर्वी ‘पीजे’ने, म्हणजे पाचोरा-जामनेर नॅरोगेजने यायची. २०२० च्या टाळेबंदीत ती गाडी थांबली, तेव्हापासून त्यांचा बाजार दुचाकीवर.

पुण्या-मुंबईच्या बंगल्यात बॅटरीवरचं अवजार म्हणजे हिरवळ कापायचं यंत्र नाही तर कुंपणाची मेंदी छाटायची कात्री. पाचोऱ्यात बॅटरीवरचं अवजार म्हणजे फवारणीचा पंप, ‘चार्जिंगचा पंप’. छाटणीची कात्री, गवत कापायचं यंत्र, रानडुकरांसाठी झटका मशीन हेही हळूहळू वावरात आलं, पण घरोघर पोचला तो पंपच. शेतकऱ्याकडे तो असतो आणि स्वतःचं वावर नसलेल्या रोजंदाराकडेही असतो, कारण आपला पंप घेऊन येणाऱ्याला काम लवकर मिळतं.

त्याच्या आधी दांड्याचा पंप होता. मुंबईच्या मालाडात १९४६ साली सुरू झालेल्या अमेरिकन स्प्रिंग अँड प्रेसिंग वर्क्सने, म्हणजेच ॲस्पीने, पाठीवरचे पंप देशभर पोचवले. आधी पितळी, मग प्लास्टिकचे. एका हाताने दांडा मारत राहायचं, दुसऱ्या हातात नळी. मिनिटाला पंधरा-वीस वेळा दांडा खालीवर. हात थांबला की दाब उतरायचा आणि नोझलमधून फवाऱ्याऐवजी थेंब गळायला लागायचे. चार-सहा टाक्या झाल्या की खांदा बोलायला लागायचा. माणूस बांधावर बसायचा, पाणी प्यायचा, बायकोला हाक मारायचा. त्या बसण्याला कोणी सुरक्षेचा उपाय म्हणालं नाही. पण तेवढा वेळ तो विषाच्या धुक्याबाहेर असायचा.

चार्जिंगच्या पंपाने तो दांडा काढून टाकला. टाकी बहुधा सोळा ते वीस लिटरची. तिच्या बुडाशी बारा व्होल्टची, सात-आठ किंवा बारा अँपिअर-तासांची बॅटरी, शेजारी लहानशी मोटर आणि डायफ्रामचा पंप. नळीचा खटका सोडला की दाब वाढतो, दाबाचा स्विच मोटर बंद करतो. खटका दाबला की पुन्हा सुरू. पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीवर पंधरा-वीस टाक्या निघतात असं विकणारे सांगतात, आणि बॅटरी नवी असेल तर ते खोटं नाही. अवजार म्हणून हे उत्तमच आहे. ज्यांचा खांदा दांड्याने गेला त्यांना विचारावं. म्हणून हा पंप वाईट, जुना बरा, असलं रडगाणं मला गायचं नाही. माझं म्हणणं एवढंच की दांड्याबरोबर एक ब्रेकही निघून गेला आणि त्याच्या जागी दुसरा बसवायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

हिशेब करून पाहू. भर वाढीतल्या कपाशीला एकरी सुमारे दोनशे लिटर पाणी लागतं. सोळा लिटरची टाकी धरली तर एकराला बारा-तेरा टाक्या. दांड्याच्या पंपाने एवढं केलं की माणूस त्या दिवशी दुसऱ्या कामाचा राहत नसे. चार्जिंगच्या पंपाने तोच माणूस दुपारपर्यंत एक एकर उरकतो आणि जेवून दुसऱ्यात शिरतो. पाठीवर दर खेपेला बावीस-तेवीस किलो असतातच, पण हात मोकळा, म्हणून दमल्याचं कळत नाही. अंगावर येणारं विष मात्र टाक्यांच्या हिशेबाने वाढतं. त्यात आपल्याकडे फवारणीची मजुरी पुष्कळदा पंपावरच ठरते. एवढे पंप, एवढे पैसे.

यवतमाळ अजून लोकांच्या आठवणीत आहे. २०१७ च्या पावसाळ्यात, जुलै ते ऑक्टोबर, त्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जण रुग्णालयात गेले, काहींची दृष्टी धूसर झाली. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमावं लागलं. कारण एकच नव्हतं. कपाशी त्या वर्षी माणसाच्या खांद्यापर्यंत, कुठे डोक्यापर्यंत वाढली होती, त्यामुळे फवारा पायाशी न पडता तोंडासमोर पडत होता. कीड वाढली म्हणून दोन-तीन औषधं एकाच टाकीत मिसळली जात होती. हवेत उकाडा, अंगात साधा सदरा. आणि त्या काळच्या वार्तांकनात वारंवार आलेली आणखी एक गोष्ट म्हणजे स्वस्तातले, चिनी बनावटीचे बॅटरी पंप, ज्यांचा फवारा जास्त जोराचा आणि जास्त बारीक होता. पंपाने माणसं मारली असं कोणी शहाणा म्हणणार नाही. पण त्या सगळ्या कारणांना एकत्र आणून वेग देणारा तोच होता.

खान्देशातली कपाशी विदर्भापेक्षा वेगळ्या तऱ्हेने वाढते. इथे विहिरीवर आणि ठिबकवर मे महिन्यातच लागवड होते, म्हणजे ऑगस्ट उजाडता उजाडता झाडं कमरेच्या वर जातात आणि सप्टेंबरच्या दमट उकाड्यात दोन ओळींमधली वाट बंद होते. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांच्यासाठीची फवारणी नेमकी तेव्हाच येते. ओल्या पानांतून अंग घासत पुढे जायचं, आणि फवारा ज्या पानांवर आत्ता मारला त्यांतच पुढचं पाऊल टाकायचं. नळी समोर धरून चालणाऱ्याचे मांड्यांपासून खालचे कपडे दोन टाक्यांतच ओले होतात. यावर एक साधा उपाय आहे: वाऱ्याला आडवं चालायचं, फवारा वारा जाईल त्या बाजूला मारायचा आणि मारलेली ओळ अंगाच्या मागे ठेवत जायचं. पण त्यासाठी वावरात शिरण्याआधी एकदा थांबून वारा कुठून आहे ते बघावं लागतं. सोपी गोष्ट आहे, म्हणूनच राहून जाते.

बारीक थेंबांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे बरेच जण फसतात. फवारा जितका धुक्यासारखा, तितकं औषध चांगलं लागतं, असा सर्वसाधारण समज आहे. पंपावर दाब कमीजास्त करायचं बटण असलं तर ते शेवटपर्यंत फिरवलेलं असतं. दाब वाढला की थेंब लहान होतात. अगदी लहान थेंब पानावर बसण्याऐवजी हवेत तरंगतात आणि वारा नेईल तिकडे जातात. शेजारच्या वावरात, बांधावर पाणी घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या अंगावर, फवारणाऱ्याच्या नाकात. कीटकनाशकाला पोकळ शंकूचं नोझल आणि मध्यम दाब पुरतो. तणनाशकाला चपटा किंवा फ्लड जेट नोझल, दाब आणखी कमी. पंपाच्या खोक्यात तीन-चार नोझल येतात, त्यातलं एक बसवलं जातं आणि बाकीची पिशवीसकट माळ्यावर जातात.

नोझल तुंबलं की पुढचा धोका. दांड्याच्या पंपात हात थांबला की दाब हळूहळू उतरायचा. इथे मोटरचा स्विच चालू असतो आणि नळीत दाब भरलेला असतो. तसंच नोझल उघडलं की पहिला फवारा थेट तोंडावर. म्हणून आधी मोटर बंद, मग नळी जमिनीकडे धरून खटका दाबून दाब सोडायचा, मग नोझल खोलायचं आणि पाण्यात बुडवून जुन्या दाताच्या ब्रशने साफ करायचं. तोंडाने फुंकायचं नाही. हे वाचताना कोणाला हसू येईल, पण नोझल तोंडाला लावून फुंकणारी माणसं आजही प्रत्येक गावात आहेत, आणि त्यानंतर त्याच हाताने तंबाखू मळणारीही.

मात्रेचा घोळ याहून मोठा. कपाशीच्या सल्ल्यांत वर्षानुवर्षं एक ओळ छापली जाते: दिलेलं प्रमाण साध्या पंपासाठी आहे, पॉवर पंपासाठी औषधाची मात्रा तिप्पट करावी. ती ओळ पेट्रोलवर चालणाऱ्या, पंख्याने धुकं उडवणाऱ्या पाठीवरच्या यंत्रासाठी होती. ते यंत्र एकराला खूप कमी पाणी वापरतं, म्हणून त्या कमी पाण्यात औषध जास्त घालावं लागतं. एकरी औषध तेवढंच राहतं. चार्जिंगचा पंप हा त्या जातीचा नाही. मोटर असली तरी तो दांड्याच्या पंपाचाच भाऊ आहे, पाणी तेवढंच टाकतो. पण मोटर आहे म्हणजे पॉवर पंप, असं समजून तिप्पट औषध ओतलं जातं. दुकानात विचारलं तर कधी दुजोरा मिळतो, कधी खांदे उडवले जातात. मजूर ते तिप्पट द्रावण दिवसभर पाठीवर वागवतो. शिवाय जुनी टाकी पंधराची, नवी सोळाची, अठराची, कुठे वीसची. ‘पंपाला एक झाकण’ हे माप मात्र तसंच. डब्याच्या लेबलवर मात्रा हेक्टरी किंवा लिटरमागे दिलेली असते, ती तशीच मोजावी. त्यासाठी मिलिलिटरच्या खुणांचा प्लास्टिकचा पेला लागतो आणि तो बऱ्याच वेळा औषधाबरोबर फुकट मिळतो.

आता बॅटरीकडे वळू. स्वस्त पंपांत अजून शिशाच्या, बंद डब्याच्या बॅटऱ्या असतात. नव्या, हलक्या पंपांत लिथियम-आयन. बारा व्होल्टने माणसाला शॉक लागत नाही, पण दोन्ही टोकांना पाना किंवा अंगठी लागली तर ती क्षणात तापून बोट भाजतं. खरा धोका चार्जरच्या भिंतीकडच्या बाजूला, दोनशे तीस व्होल्टला. पंप धुऊन आणला, ओली टाकी गोठ्यात ठेवली, बुडाची पिन ओली असतानाच चार्जर लावला, एक्स्टेंशन बोर्ड शेणाच्या ओलीत पडलेला, घराला अर्थिंग नाही. असं चित्र एखाद्या घराचं नाही. टाकी आधी पूर्ण सुकवावी, चार्जर त्याच पंपाचा असावा, आणि वीज रात्रीच मिळते म्हणून चार्जिंग रात्री करायचं तर झोपायच्या खोलीत नको. शिशाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन बाहेर पडू शकतो, म्हणून बंद खोलीत, चुलीजवळ किंवा देवाच्या दिव्याजवळ तर नकोच.

लिथियमची गोष्ट आपल्या हवेशी जोडलेली आहे. बहुतेक लिथियम-आयन सेल पंचेचाळीस अंशांच्या वर चार्ज करू नयेत. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा सावलीतच पंचेचाळीसच्या पुढे जातो. मग पाचोऱ्यातल्या पत्र्याच्या खोलीत दुपारी किती होत असेल, याचा विचार त्या सेलच्या आतल्या छोट्या सर्किटवर सोडलेला असतो, आणि स्वस्त बॅटरीत ते सर्किटही यथातथाच. फवारणीवरून आलेली गरम बॅटरी लगेच चार्जला न लावता तासभर सावलीत ठेवावी. ती फुगली, गळली, जोरात पडली किंवा वास यायला लागला तर ती संपली. घरात ठेवायची नाही. पेटलीच तर आधी वीज बंद करावी आणि दुरून भरपूर पाणी मारावं.

छाटणीच्या कात्रीबद्दल एवढंच की ती लिंबाची बोटभर फांदी जितक्या सहज तोडते तितक्याच सहज बोट तोडते. दुसरा हात पात्याच्या वाटेत आणायचा नाही आणि अडकलेली काडी काढण्याआधी बॅटरी काढायची. गवत कापायच्या यंत्राचं पातं खडा गोळीसारखा उडवतं, म्हणून डोळ्यांना चष्मा आणि आजूबाजूला लेकरं नकोत. झटका मशीन बॅटरीवर चालून क्षणभराचेच झटके देतं तोवर ठीक. दरवर्षी माणसं मरतात ती कुंपणाच्या तारेला घरची लाइन जोडणाऱ्यांमुळे. ते काम अवजाराचं नाही, गुन्हेगाराचं आहे.

फवारताना अंगात काय घालावं हे प्रत्येक प्रशिक्षणात सांगितलं जातं: हातमोजे, चष्मा, मास्क, पूर्ण बाह्यांचा सदरा, टोपी, गमबूट. कीटकनाशक कायदा १९६८ चा आणि त्याखालचे नियम १९७१ चे, त्यात संरक्षक कपड्यांची तरतूद आहे. तो कायदा आला त्यामागेही एक मोठी दुर्घटना होती: १९५८ मध्ये केरळात फोलिडॉल हे कीटकनाशक सांडलेलं गव्हाचं पीठ खाऊन शंभराहून अधिक माणसं मेली. पण सप्टेंबरच्या दुपारी, कपाशीच्या दाटीत, रबरी पोशाख घालून बावीस किलो पाठीवर घेऊन कोणी चालेल ही अपेक्षा कचेरीतल्या पंख्याखाली बसूनच करता येते. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची कीटकनाशकांबाबतची आचारसंहिता हे सरळ मान्य करते: ज्या औषधासाठी अंगाला न सोसणारा, महाग किंवा सहज न मिळणारा पोशाख लागतो, ते उष्ण प्रदेशातल्या लहान शेतकऱ्यांनी आणि मजुरांनी वापरणंच टाळावं. म्हणजे पोशाखाआधी डब्यावरचा त्रिकोण बघायचा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासून मनाई होती आणि २०२३ मध्ये केंद्राने त्याचं छत्तीस टक्क्यांचं द्रावण टप्प्याटप्प्याने बंद करायचा आदेश काढला. कपाशीवरून ते जायला एवढी वर्षं लागली, हे मुद्दाम म्हणावंसं वाटतं.

तरी चार गोष्टी उकाड्यातही जमतात. पाठीवर सदऱ्याच्या आतून नाही, बाहेरून जाड प्लास्टिकचा कागद, कारण गळकी टाकी आधी पाठ भिजवते आणि पाठीच्या, मांडीच्या कातडीतून विष अंगात शिरतं. नायट्रिलचे हातमोजे, निदान औषध मोजताना आणि ओतताना. तेव्हा हातावर पडतं ते पाणी न मिसळलेलं असतं. पँट गमबुटाच्या बाहेर, आत खोचलेली नाही. आणि तोंडाला बांधलेला रुमाल ओला झाला की सोडायचा. ओला रुमाल विष अडवत नाही, नाकाशी धरून ठेवतो.

सरकारने पंप वाटलेही. कापूस, सोयाबीन आणि तेलबियांच्या २०२४-२५ च्या विशेष कृती योजनेत महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करणाऱ्यांना बॅटरीचा फवारणी पंप शंभर टक्के अनुदानावर मिळाला, सोडत निघाली, मोबाइलवर संदेश आले. मग पंपांच्या खरेदी दरावरून राजकीय वाद पेटला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. त्या सगळ्या गदारोळात एका पंपाची किंमत किती यावर हजारो शब्द खर्च झाले. त्या पंपाबरोबर हातमोज्यांची जोडी आणि मराठीत छापलेलं, चित्रांचं एक पान जावं की नाही, यावर फारसं कोणी बोललं नाही.

विषबाधा झाली तर काय, हे घरातल्या बाईला माहीत असणं जास्त महत्त्वाचं, कारण पुरुष कबूल करत नाही. डोकं जड होणं, खूप घाम, तोंडाला लाळ सुटणं, मळमळ, डोळ्यांना अंधुक दिसणं, बाहुल्या टाचणीएवढ्या होणं. ‘ऊन लागलं’ म्हणून लिंबूपाणी देऊन झोपवणं ही सगळ्यात घातक चूक. भिजलेले कपडे काढायचे, साबणाने अंग धुवायचं, १०८ ला फोन किंवा मिळेल त्या गाडीने पाचोऱ्याचं ग्रामीण रुग्णालय किंवा जळगाव, आणि डबा किंवा त्यावरचं पत्रक बरोबर न्यायचं. सेंद्रिय फॉस्फरसवाल्या औषधांवर ॲट्रोपिन चालतं, पण सगळ्याच विषांवर नाही. डायफेनथियुरॉन या कीटकनाशकावर खास उतारा नाही. डॉक्टरला नाव कळलं नाही तर तो अंधारात बाण मारतो. उलटी करवायला बोट घालू नये. भिजलेले कपडे घरच्या धुण्यात टाकू नयेत, आणि पंप नाल्यात किंवा बहुळा नदीच्या पात्रात धुऊ नये. धुतलेलं पाणी त्याच वावराच्या पडीक कोपऱ्यात जिरवावं.

दोन-तीन हंगामांत बॅटरी बसते. मग कोणी तिच्या जागी मोटारसायकलची जुनी बॅटरी जोडतो, तारा पिळून, मध्ये फ्यूज न घालता. जुनी भंगारवाल्याकडे जाते आणि तिथून शिसं कुठे वितळवलं जातं ते कोणी विचारत नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे. नवी घेताना जुनी दुकानात दिली तर बऱ्याच ठिकाणी किमतीत सूटही मिळते.

राहता राहिली मजुरी. माझ्या मते चष्मे-मोजे वाटण्याआधी हीच बदलायला हवी. पंपावर पैसे मिळतात तोवर रोजंदार दुपारी बारा वाजता थांबणार नाही, टाकी गळत असली तरी थांबणार नाही, डोकं दुखत असलं तरी आणखी दोन पंप मारून मगच घरी जाईल, आणि बॅटरी त्याला साथ देईल. शेतकऱ्यालाही त्यात आपला दिवस वाचल्यासारखं वाटतं. मजुरी वेळेच्या हिशेबाने ठरवली, सकाळी सात ते दहा, वारा शांत असताना, पैसे पूर्ण दिवसाचे आणि दहा वाजता पंप खाली, तर एका दिवसाची फवारणी दोन-तीन दिवसांवर जाते. खर्च वाढतो. शेवटच्या ओळीतला मावा दोन दिवस जास्त जगतो.